सुईची बाळं आणि माझा पांढरा दोरा

२००४ साल. मला तेव्हा छप्पन्नावं लागलं होतं, आणि माझ्या टेबलावरची बाळं माझ्या हातून काढून घ्यायला निघाली होती ती माझ्या मुलीच्या वयाची एक सिस्टर.

नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात मी पोस्टमार्टेमच्या खोलीत कामाला होतो. माझं पद कागदावर काहीतरी वेगळंच लिहिलेलं होतं, ते मी कधी नीट वाचलं नाही. काम मात्र एकच. मयत टेबलावर घ्यायची, डॉक्टर सांगतील तिथं उघडायची, त्यांचं बघून झालं की शिवायची, धुवायची आणि नातेवाइकांच्या हवाली करायची. पुस्तकात काय लिहिलंय ते डॉक्टरांना ठाऊक, पण सुरी माझ्या हातात असायची. डॉक्टर दोन पावलं लांब, नाकाला रुमाल. "मामा, उघडा," म्हणायचे. दवाखान्यात माझ्यासारख्या सगळ्यांना मामाच म्हणतात.

शाळा मी तिसरीपर्यंत पाहिली. शिवणं मात्र आईकडून आलं. आई लोकांच्या गोधड्या शिवायची आणि मी शेजारी बसून तिच्या सुईत दोरा ओवून द्यायचो. तिचा टाका इतका बारीक, की गोधडी उलटी केली तरी सुलटी वाटायची. पुढं तोच टाका मी माणसांवर घातला. हे ऐकून लोक तोंड वाकडं करतात. करोत.

मोठ्या माणसाला काळा जाड दोरा चालतो. बाळांसाठी मी वेगळा ठेवलेला. भद्रकालीत शिंप्यांचं सामान मिळतं, तिथून पांढरा दोरा आणायचा, त्याला स्वतः मेण लावायचं. पोट खपाटीला गेलेलं दिसू नये म्हणून आत कापूस भरायचा. छातीवरची शिवण झबल्याखाली जाईल आणि डोक्यावरची टोपड्याखाली, असं बघायचं. नव्वदच्या सालात आमचे जुने साहेब एकदा म्हणाले होते, "मामा, तुमच्या हातचं मूल झोपल्यासारखं दिसतं." ते एक वाक्य मी अजून सांभाळून ठेवलंय. दुसरं कुणी तसं म्हणालं नाही, म्हणून तेच सांभाळायचं.

बाळं आमच्याकडं दोन तऱ्हेनं यायची. पोलीस केस असली तर कुणाला विचारायचा प्रश्न नसतो. पण वरच्या वॉर्डात बाळ गेलं आणि कशानं गेलं ते कळलं नाही, तर डॉक्टर आईबापाला विचारत, आत बघू का? बहुतेक जण नाही म्हणत. "कापू नका," एवढंच म्हणत आणि दुपट्यात गुंडाळून रिक्षा गाठत. थोडे हो म्हणत. जे हो म्हणत, त्यांचं बाळ माझ्याकडं.

आणि माझ्याकडून ते जाताना एक रीत होती. ती कुणी घालून दिली माहीत नाही, मी लागलो तेव्हापासून होती. आमच्या खोलीबाहेर दगडी कट्टा आहे. बाळ धुऊन, झबलं-टोपडं घालून मी त्या कट्ट्यावर ठेवायचं आणि मागं सरायचं. मी मागं सरलो की घरचे पुढं यायचे आणि उचलायचे. माझ्या हातातून त्यांच्या हातात कधी नाही. कुणी माझ्याकडं बघायचंही नाही. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर माझा कान तुटलेला कप वेगळा खिळ्याला टांगलेला होता. मला त्याचं काही वाटायचं नाही, असं मी बायकोला सांगायचो. बायको म्हणायची, "आधी अंगणात आंघोळ करा, मग सांगा काय वाटतं ते."

तर त्या साली एक नवी डॉक्टरीण आली. सगळे तिला मॅडम म्हणत. तिनं येताना लांब पोकळ सुया आणल्या होत्या. तिचं म्हणणं असं, की बाळाला उघडायचंच नाही. नुसती सुई टोचायची. फुप्फुस, लिव्हर, मानेच्या मागून मेंदू, प्रत्येकातून शेवईएवढा तुकडा काढायचा, बाटलीत घालायचा आणि दुर्बिणीखाली बघायचा. वर एक छोटी चिकटपट्टी. संपलं.

हे काम माझ्या खोलीत होणार नव्हतं. वर वॉर्डाशेजारी एक स्वच्छ खोली होती, पांढऱ्या फरशीची, खिडकीला पडदा. आणि मॅडमच्या हाताखाली मी नाही, तर बाळांच्या वॉर्डातली एक सिस्टर.

सिस्टर देवळ्याकडची, कांदेवाल्या शेतकऱ्याची मुलगी. बोलायला तिखट आणि हाताला हलकी. मॅडम तिला शिकवत होती ते मी पाहिलं. टेबलावर एक पिकलेली पपई ठेवलेली आणि सिस्टर तिच्यात सुई खुपसून बाहेर काढत होती. मी फ्रीजची चावी द्यायला वर गेलो होतो.

मी दारातूनच म्हटलं, "पपईचं पोस्टमार्टेम चाललंय का? पोलिसांना कळवलं?"

वॉर्डातली आया हसली. तिला सगळे मावशी म्हणत. सिस्टर मात्र हसली नाही. मान वर न करता म्हणाली, "या की मामा, तुम्हीपण शिका. हात चांगला आहे म्हणतात तुमचा."

"मला सुई धरायला माझ्या आईनं शिकवलंय," मी म्हटलं. "आता तुमच्याकडून शिकायचं राहिलं होतं."

"शिवायची सुई वेगळी, मामा. ही काढायची सुई."

मॅडम म्हणाली, "दोघं भांडू नका." मी चावी ठेवली आणि जिना उतरलो. जिन्यात माझ्या ध्यानात आलं, की "म्हणतात" असं ती म्हणाली. माझा हात चांगला आहे हे तिनं ऐकलं होतं. पाहिलेलं नव्हतं. कुणीच पाहिलेलं नव्हतं.

मग सुईची बाळं सुरू झाली. आधी एखादं, मग बरीच. जे लोक कापायला नाही म्हणायचे ते सुईला हो म्हणू लागले. माझ्या टेबलावर पोलीस केसेस तेवढ्या उरल्या.

माझ्या खोलीच्या खिडकीतून वॉर्डाचा जिना दिसतो. मी तिथं उभा राहून बघायचो. काम नसायचं म्हणून नव्हे. मला बघायचंच असायचं. सिस्टर बाळ घेऊन बाहेर यायची, दुपट्यात, छातीशी धरून. बाई पुढं व्हायची आणि सिस्टर बाळ तिच्या हातात द्यायची. हातातून हातात. एक बाई तर सिस्टरच्या खांद्यावर डोकं टेकून किती वेळ उभी राहिली होती. एक आजोबा वाकून तिच्या पाया पडायला निघाले, ती मागं सरकली. कट्ट्यावरून मी जसा मागं सरायचो तशीच, पण केवढा फरक. लोक तिला शोधत परत यायचे. कुणी कळवणहून डाळिंबं आणली, कुणी त्र्यंबकेश्वरचा प्रसाद. ती सगळ्यांना वाटायची. मलाही पाठवायची. मी म्हणायचो, माझा उपास आहे. मावशी म्हणायची, "मामा, तुमचा उपास आठवड्याचे सगळे वार धरतो का हो?"

घरी मी जेवताना सिस्टरबद्दलच बोलायचो. बायको एकदा म्हणाली, "एवढं तर तुम्ही लग्नाच्या वेळी माझ्याबद्दल बोलला नसाल." पोरं हसली. मी ताटावरून उठलो.

एक दिवस मॅडमनं सगळ्यांना चहाला बोलावलं. तिला प्रत्येकाचं मत पाहिजे होतं. सुई बरी की सुरी बरी, आणि का. आमचे मोठे साहेब होते, शिकणारे डॉक्टर होते, सिस्टर, मावशी, नातेवाइकांशी बोलणाऱ्या समाजसेविका बाई, शववाहिनीचा ड्रायव्हर. मलाही बोलावलं. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो.

साहेब म्हणाले, "सुई आंधळी असते. तुम्ही चार जागी टोचलं आणि दुखणं पाचव्या जागी असलं तर? हृदयाला भोक असेल तर ते शेवईएवढ्या तुकड्यात कुठं दिसणार? उघडल्याशिवाय काही खरं नाही."

मला इतकं बरं वाटलं की मी चहात दोन बिस्किटं बुडवली.

मॅडम म्हणाली, "बरोबर आहे. पण उघडू देतात किती जण? काहीच न कळण्यापेक्षा थोडं कळलेलं बरं."

समाजसेविका बाई म्हणाल्या, मुसलमान घरची माणसं माती द्यायची घाई करतात, त्यांना सुईचं पटतं, वेळ लागत नाही. ड्रायव्हर म्हणाला, "माझं सांगू? कापलेलं बाळ असलं की घरचे त्याला मागं ठेवायला सांगतात. सुईचं असलं की आई मांडीवर घेऊन बसते. मी आरशात बघतो ना." मावशी म्हणाली, "बाळांच्या आया मला एकच विचारतात, आम्हाला परत आंघोळ घालता येईल का? बाकी मला काय कळतंय."

सिस्टर म्हणाली, "मला भीती वाटते ती खोटं बोलायची. मी सांगते काही होणार नाही, आणि सुई तर टोचतोच. म्हणून मी आता सुई दाखवूनच विचारते."

मग मॅडमनं माझ्याकडं पाहिलं. "मामा?"

सगळे माझ्याकडं वळले. माझ्या डोक्यात पुष्कळ होतं. आपण शिवलेली बाळं होती, मेणाचा दोरा होता, जुन्या साहेबांचं वाक्य होतं. पण सिस्टर माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यात मला कीव दिसली. होती की नव्हती, देव जाणे.

"मला विचारू नका," मी म्हटलं. "माझं मत माझ्या टेबलावर आहे." आणि बिस्किट अर्धं टाकून उठलो.

थंडीच्या दिवसांत, द्राक्षांच्या हंगामात ते बाळ आलं. पेठच्या पलीकडल्या पाड्यावरचं कुटुंब, नागली-भाताची शेती आटोपून दिंडोरीच्या बाजूला द्राक्षाच्या बागेत मजुरीला आलेलं. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. पोरगी विशीची असेल नसेल. तिचं पहिलं बाळ पाड्यावर पिवळं पडून गेलं होतं. दूध सोडलं, पिवळं झालं, गेलं. हे दुसरं तसंच, इथं, सकाळी.

पुढचं मला मावशीनं सांगितलं. ती तिथंच होती. पोरगी रडली नाही. "दोन्ही एकसारखी कशी गेली ते मला कळाया पाहिजे," म्हणाली. म्हातारी म्हणाली, "कापायचं नाय. पोर जसं दिलं तसं मातीला द्यायचं." मग सिस्टर तिच्याजवळ फरशीवर बसली, सुई दाखवली आणि म्हणाली, "आजी, कापणार नाही. एक टाकासुद्धा पडणार नाही. दोरा दिसला तर मला येऊन विचारा." शेवटी म्हातारीनं होकाराची मान हलवली.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. हे सांगून ठेवतो.

वर सुईचं काम झालं. नवरा बागेच्या मालकाकडून जीप आणायला गेला होता, त्याला यायला दुपार होणार होती. तोवर बाळ खाली फ्रीजमध्ये ठेवायला मावशी ट्रॉलीवर घेऊन आली. "मामा, सुईचं आहे, नुसतं ठेवायचं," म्हणाली आणि गेली.

मी दुपटं उघडलं. पोरगं होतं. अंग हळदीसारखं. छातीवर, पोटावर उजवीकडं आणि मानेमागं गोल चिकटपट्ट्या. एक पट्टी उचलून पाहिली. खाली ठिपका. डास चावल्याएवढा.

मी उभा राहिलो. हे बाळ माझ्या खोलीतून बाहेर जाणार आणि त्याच्या अंगावर माझ्या हाताचं काहीच नसणार. चिकटपट्टी! ओल्या गार कातडीवर चिकटपट्टी टिकत नाही, सुटते आणि ओघळ येतो, हे मला पक्कं माहीत. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी पट्ट्या जागच्या जागी होत्या. मीच काढल्या. मेणाचा दोरा ओवला आणि प्रत्येक ठिपक्यावर एकेक टाका घातला. आईच्या हातचा वाटावा असा. गाठ आत वळवली. लांबून दिसलाही नसता. मग झबलं-टोपडं घालून फ्रीजमध्ये ठेवलं, आणि किती दिवसांनी मला बरं वाटलं.

दुपारी जीप आली. म्हातारी म्हणाली, आंघोळ इथंच घालायची, बागेत मालक घालू देणार नाही आणि पाड्यावर पोचेस्तोवर दिवस बुडेल. आमच्या खोलीपुढं कडुनिंबाखाली नळ आहे. मावशीनं पाणी गरम करून दिलं. म्हातारी नळापाशी फतकल मारून बसली, बाळ मांडीवर घेतलं आणि झबलं सोडलं.

तिचा आवाज मी आतून ऐकला.

"दोरा हाय! कापलाय! पोराला कापलाय गं!"

मी दारात आलो. सिस्टर जिन्यावरून धावत येत होती. म्हातारी बाळाच्या पोटावर बोट ठेवून ओरडत होती, "तू काय बोलली व्हती? टाका पडणार नाय बोलली व्हती ना? मग हा काय? कापल्याबिगर दोरा लागतो व्हय?"

सिस्टरनं वाकून पाहिलं. मग वर माझ्याकडं पाहिलं. एकदाच. तिला कळलं होतं. 

मॅडम आली. पोरीचा नवरा पुढं झाला, सावकाश बोलणारा माणूस होता. "ताई, जे काढलं ते द्या. पोराबरोबर पुरू. अर्धं पोर न्यायचं नाय."

मॅडम म्हणाली, "तुमचं बाळ आहे. तुम्ही म्हणाल तसं." तिनं मावशीला वर पाठवलं आणि बाटल्यांचा ट्रे खाली मागवला.

तेव्हा बाळाची आई सासूला म्हणाली, "आत्या, ऱ्हाऊ द्या ना ते. मला कळाया पाहिजे. पुढलं पण असंच गेलं तर?"

"तू गप ऱ्हा. फसवलंय यांनी."

मावशी ट्रे घेऊन आली. छोट्या बाटल्या, पाण्यात ते शेवईएवढे तुकडे. ते मातीत गेले असते तर त्या पोरीला पुढच्या खेपेलाही देवावर भरवसा टाकूनच बसायचं होतं. ती त्या बाटल्यांकडं अशी बघत होती, जसं कुणी तिचं तिसरं मूल उचलून नेतंय.

सिस्टर म्हणाली, "आजी, चूक माझी आहे. मी जबाबदार आहे. मला बोला काय बोलायचं ते."

बस. तिथं माझं डोकं फिरलं. लोकांच्या पाया पडणं हिला, डाळिंबं हिला, खांद्यावर डोकं टेकणं हिला, आणि आता माझ्या टाक्याच्या शिव्याही हिलाच? माझ्या हातचं काम, ते काय हिच्या नावावर जाणार?

मी कट्टा ओलांडून पुढं गेलो. "तो टाका माझा आहे," मी म्हटलं. "हिला दोरा ओवता येत नाही, ही काय शिवणार."

म्हातारीनं बाळ छातीशी ओढलं. "लांब हो."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. खिशातून छोटी कात्री काढली. "आजी, दोरा मी घातला, मीच काढतो. पोर तुमच्या मांडीवरच ठेवा. खाली कापलेलं सापडलं तर त्या बाटल्या घेऊन जा, आणि मलाही जीपमध्ये घालून न्या."

 नवरा म्हणाला, "बघू दे, आई." म्हातारीनं पदराआडून बाळाचं पोट उघडं केलं.

मी गाठ कापली आणि दोरा ओढून घेतला. आजवर मी शिवताना कधी कुणी बघितलं नव्हतं. आता सगळे बघत होते आणि मी शिवत नव्हतो, उसवत होतो. पोटावरचा काढला, छातीवरचा काढला, मान वळवून मागचा काढला. म्हातारीनं अंगठा फिरवला. ठिपका, आणि त्याच्या अंगाला माझ्या सुईची दोन भोकं. तिनं टोपडं काढून डोकं चाचपलं, काखा बघितल्या, पाठ बघितली. कुठं काही नव्हतं.

"मग दोरा कशाला घातला?" तिनं विचारलं.

"उघडं ठेवून द्यायची सवय नाही मला."

"एवढुश्याला?"

"एवढुश्याला."

ती म्हणाली, "खुळा हायेस का रं तू?"

मावशीनं तोंडाला पदर लावला. मला वाईट वाटलं नाही, हे नवलच. इतक्या वर्षांत नातेवाइकांतलं कुणी मला थेट काही म्हणालं असेल तर ते हेच.

मग पाणी घालायचं होतं. बाळाचं डोकं धरायला कुणीतरी हवं होतं. आईच्या अंगात उभं राहायचीही ताकद नव्हती, नवरा जीपच्या बाजूला गेला होता. सिस्टर हात पुढं करून खाली वाकली. म्हातारीनं तिच्याकडं पाहिलंही नाही. मला म्हणाली, "धर."

मी धरलं. ती पाणी घालत होती, मी डोकं धरून वळवत होतो. ते काम मला येतं. मग तिला फडकं पिळायचं होतं, तेव्हा तिनं बाळ माझ्या हातात दिलं. कोरडं करून झबलं मी घातलं, टोपड्याची नाडी मी बांधली. तिनं डब्यातलं काजळ काढून गालाला लावलं. मी उठलो आणि बाळ घेऊन निघालो ते कट्ट्याकडं, सवयीनं. मग थांबलो. मागं वळलो आणि आईच्या ओंजळीत दिलं. तिचे हात गार होते आणि माझ्या हाताला लागले.

सिस्टर रिकाम्या हातांनी उभी होती. खोटं कशाला बोलू, मला ते बघून आनंद झाला.

जीप निघताना म्हातारी मॅडमला म्हणाली, "ठेवा त्या बाटल्या. पण सांगा तिला काय ते." ट्रे परत वर गेला.

संध्याकाळी मी खोली धूत होतो तेव्हा सिस्टर दारात आली. ती आत कधी येत नसे.

"मामा, का घातलात?"

"तुमची चिकटपट्टी सुटली होती."

"सुटली नव्हती."

मी फरशीवर पाणी मारलं. "नव्हती," म्हटलं.

 मला वाटलं आता बोलेल, वाट्टेल ते बोलेल, आणि मी तयारीत होतो. ती म्हणाली, "मॅडमला सगळ्यांची मतं मिळाली. तुमचंच राहिलंय."

"उद्या बघू."

पुढं काय झालं तेही सांगतो. त्या तुकड्यांत लिव्हरचं काहीतरी निघालं, जन्माचंच. मॅडमनं त्या पोरीला बोलावून समजावलं, पुढच्या खेपेला आधीपासून इथंच यायचं ठरलं. ती आली, तिसरं बाळ झालं, त्याला पहिल्या दिवसापासून औषध चालू केलं. त्यातलं मला सगळं कळलं नाही. बाळ मात्र जगलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ती नागलीची पिशवी घेऊन आली होती. पिशवी दिली सिस्टरला. माझ्याकडं बघून पदर सारखा केला, तेवढंच. सिस्टरनं अर्धी नागली माझ्या घरी पाठवली. मी म्हटलं परत द्या. बायकोनं ठेवून घेतली आणि रात्री भाकरी वाढली. मी खाल्ली, चांगली होती, पण पिशवी दिली सिस्टरलाच, ते काही मी विसरलो नाही.

आणि साहेबांचं म्हणणं मला आजही पटतं. उघडल्याशिवाय सगळं कळत नाही.

पण ते नंतरचं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेच्या आधी घरातून निघालो आणि गोदाकाठच्या भाजीबाजारात गेलो. तिथं एका माळणीकडं पपया होत्या. तिनं पिकलेली पुढं केली. मी म्हटलं, ही नको. एकेक दाबून बघितली. एक सापडली, वरून घट्ट आणि अंगठा दाबला की जरा आत जाणारी. ती पिशवीत घातली, जिना चढून बाळांच्या वॉर्डात गेलो आणि सिस्टरच्या टेबलावर ठेवली.

"तुमची ती पपई फार पिकलेली होती," मी म्हटलं. "बाळाचं अंग तसं नसतं. आणा ती सुई, आणि मॅडम यायच्या आत दाखवा."